अक्षर कोणाचें, अर्थ कोणाचा ?

‘पेटंट’ हा शब्द आपल्याकडे रुळून शंभराहून अधिक वर्षें झालीं. पण येतांना वाटेंत त्यानें आपला अर्थ उलटा करून घेतला. आमच्या लहानपणीं घरांत ‘पेटंट औषध’ म्हटलें म्हणजे ज्याच्या बाटलींत काय आहे हें कोणास ठाऊक नाहीं असें औषध, एवढाच बोध होत असे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र ‘उघडें’ असा आहे. युरोपांतील राजांचीं कांहीं पत्रें मोहोर फोडल्यावांचून वाचतां येत नसत. कांहीं उघडींच असत, मोहोर खालीं लोंबत असे, आणि मजकूर कोणींहि वाचावा अशी योजना असे. या दुसऱ्या जातीच्या पत्रांवरून पेटंट हें नांव पडलें. त्यांतील करार सरळ आहे. तुम्हीं शोधून काढलेली युक्ति सर्व जगास सांगा. मोबदला म्हणून ठराविक काळपर्यंत, आतां बहुतेक देशांत अर्ज केल्यापासून २० वर्षें, तुमच्या परवानगीवांचून ती दुसऱ्या कोणास वापरतां येणार नाहीं.

याच्या उलट प्रकार आमच्या आजोळीं होता. तेथें कावीळीवर मुळी देणाऱ्या एक वृद्ध बाई होत्या. पैसा त्या घेत नसत, आणि मुळी कोणती हें सांगतहि नसत. “सांगितलें तर गुण जातो,” एवढेंच त्यांचें उत्तर. त्या वारल्या आणि त्यांच्याबरोबर मुळीहि गेली. (कावीळ पुष्कळदां आपोआपच बरी होते असें पुढें डॉक्टर मंडळींनीं आम्हांस सांगितलें, पण तो विषय निराळा.) एकीकडे सांगून विकणारा, दुसरीकडे न विकणारी पण न सांगणारी, यांत समाजाचें देणें कोण अधिक फेडतो, हा प्रश्न आम्हीं कधीं मनावर घेतला नव्हता. गेल्या वर्षीं घरांत आलेल्या एका कागदानें तो घ्यावा लागला.

आमची आई त्रेचाळिसाव्या वर्षीं स्तनाच्या कर्करोगानें गेली, आणि वडील बहीण सत्तेचाळिसाव्या वर्षीं बीजांडकोशाच्या. बायकांचा रोग आईकडूनच उतरावयाचा, ही समजूत आमच्या घरांतहि होती. परंतु ज्या आनुवंशिक दोषामुळें हे दोन रोग कांहीं कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या फिरतात तो बापाकडूनहि तितकाच येतो. आमच्या आईपासून वडील बंधूंकडे व त्यांच्यापासून त्यांच्या मुलीकडे तो आला असणें शक्य आहे. आमच्याकडे आला असणेंहि तितकेंच शक्य आहे. तेव्हां पुढील विवेचन त्रयस्थाचें नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों. पुतणीच्या रक्ताची तपासणी झाली. नऊ पानांचा अहवाल आला. त्याचें सार असें कीं, बीआरसीए-दोन या नांवाच्या जनुकांत एके ठिकाणीं नेहमींच्या अक्षराऐवजीं निराळें अक्षर आढळलें. या बदलाचा अर्थ अनिश्चित. अशा निकालावर विसंबून शस्त्रक्रियेसारखा कोणताहि निर्णय घेऊं नये, असें डॉक्टरांनीं बजावलें, आणि तें योग्यच होतें. अक्षर लागलें पण अर्थ लागला नाहीं, ही अवस्था जुनी पोथी वाचणारास नवी नाहीं. पण पोथी वाचणारास थांबतां येतें.

हा अर्थ जगांत कोणासच ठाऊक नाहीं, कीं कोणाच्या तरी कपाटांत कुलुपांत पडला आहे? हें पाहूं जातां आम्ही एका जुन्या खटल्यापाशीं येऊन पोंचलों.

वाचकांच्या सोयीकरितां थोडी प्रस्तावना करतों. मनुष्याच्या पेशींतील डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांनीं लिहिलेला सुमारें तीन अब्ज अक्षरांचा मजकूर. त्यांतील जीं प्रकरणें शरीरास कांहीं विशिष्ट काम सांगतात तीं जनुकें. बीआरसीए-एक व बीआरसीए-दोन हीं अशींच दोन प्रकरणें. प्रत्येकीं सुमारें ८०,००० अक्षरें, पैकीं प्रत्यक्ष उपयोगाचीं पहिल्यांत सुमारें ५,५०० व दुसऱ्यांत १०,२००. डीएनएस झालेली मोडतोड दुरुस्त करण्याच्या कामीं हीं जनुकें मदत करतात. तींच बिघडलीं म्हणजे दुरुस्ती थांबते. सामान्य अमेरिकन स्त्रीस जन्मभरांत स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव शेंकडा १२ ते १३ मानतात. या जनुकांत कांहीं विशिष्ट दोष असलेल्या स्त्रीच्या बाबतींत तो ५० ते ८० पर्यंत जातो. तेव्हां हा मजकूर वाचतां येणें ही चैनीची गोष्ट नव्हे.

१९९० सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधिका मेरी-क्लेअर किंग यांनीं दाखवून दिलें कीं, तरुण वयांत होणाऱ्या या रोगाचें एक मूळ सतराव्या गुणसूत्रावर एका ठराविक भागांत आहे. तोंपर्यंत असें एकच जनुक या रोगास कारण असूं शकेल यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. मग शर्यत लागली. युटा विद्यापीठांतील मार्क स्कोल्निक यांनीं १९९१ सालीं ‘मिरियड जेनेटिक्स’ ही कंपनी काढण्यांत भाग घेतला, आणि १९९४ सालीं त्यांच्या मंडळींनीं पहिल्या जनुकाचा अनुक्रम हस्तगत केला. युटांत मॉर्मन पंथाच्या मोठमोठ्या कुटुंबांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या काळजीनें लिहून ठेवलेल्या आहेत; आमच्याकडे तीर्थक्षेत्रांतल्या उपाध्यायांच्या वह्या असतात, त्यांचीच आठवण व्हावी. त्या वंशावळी आणि त्या घरांतील बायकांनीं दिलेलें रक्त यांचें या संशोधनास मोठें साहाय्य झालें. सरकारी आरोग्यसंस्थेंतील संशोधकहि या शोधांत सामील होते, आणि सार्वजनिक पैसाहि. हें ऋण लक्षांत ठेवावें. त्याचा हिशेब पुढें यावयाचा आहे.

कंपनीनें पेटंटें मागितलीं व अमेरिकेच्या पेटंट-कचेरीनें १९९७ पासून तीं दिलीं. दावे मुख्यतः दोन जातींचे होते. पहिला, शरीराबाहेर काढून निराळा केलेला त्या जनुकाचा रेणु आमचा. दुसरा दावा आम्हांस अधिक विचार करावयास लावतो. १९९८ च्या एका पेटंटांत तो असा आहे : रोग्याच्या गांठींतील या जनुकाचा अनुक्रम घ्यावा, त्याच रोग्याच्या निरोगी पेशींतील अनुक्रम घ्यावा, आणि दोहोंची तुलना करावी, फरक आढळल्यास गांठींतील जनुकांत बदल झाला आहे असें समजावें. यांत नवें यंत्र नाहीं, नवें रसायन नाहीं. अक्षरें वाचण्याची कला दुसऱ्यांची, सर्वांस उपलब्ध असलेली. उरलें काय, तर दोन कागद शेजारीं शेजारीं ठेवून पाहाणें.

पेटंट-परीक्षकास दोष देणें सोपें आहे. आम्ही देत नाहीं. त्याच्यापुढें अर्जांचा ढीग असतो, आणि कायद्यानें त्याला विचारावयास लावलेले प्रश्न ठरलेले असतात. गोष्ट नवी आहे काय? त्या विषयांतल्या जाणत्या माणसास ती सहज सुचली असती काय? तिचा उपयोग काय? या तिन्ही प्रश्नांत वरील दावा उत्तीर्ण होतो, आणि मानानें होतो. हें जनुक कोणासच ठाऊक नव्हतें. तें सांपडण्यास प्रतिभा व परिश्रम लागले. उपयोग तर जीव वांचविण्याचा. अडचण त्याच्याहि आधींच्या प्रश्नांत आहे : ही मुळांत ‘केलेली’ वस्तु आहे, कीं ‘आढळलेली’? सृष्टींत जें आढळतें आणि सृष्टीचा जो नियम आहे त्यावर मालकी सांगतां येत नाहीं, हें तत्त्व अमेरिकन न्यायालयांनींच पूर्वीं घालून दिलेलें होतें. परंतु त्या वेळच्या परीक्षकांच्या दृष्टीनें डीएनए हें एक रसायन होतें, आणि शरीरांतून सोडवून शुद्ध केलेलें रसायन म्हणजे नवी वस्तु, असा रिवाज पडलेला होता. तें रसायन कांहीं तरी ‘म्हणतें’ आहे, हें रिवाजाच्या हिशेबांत कोठें बसत नव्हतें.

कंपनीची बाजूहि नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण या विषयावर बोलतांना आपल्याकडे पुष्कळांचा कंठ फार लवकर दाटून येतो. जनुक ईश्वरानें दिलें, म्हणून त्यावर कोणींहि पैसा मिळवूं नये, हा युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं. गहूंहि ईश्वरानेंच दिला, पण पिठाची गिरणी फुकट चालत नाहीं. जेथें दहा प्रयत्नांपैकीं नऊ वांयां जातात तेथें दहाव्याच्या यशावर कांहीं अधिकार मिळेल ही आशा नसेल, तर भांडवल कोण घालील? शोधकानें उपाशी राहून लोककल्याण करावें अशी अपेक्षा, स्वतः वेळेवर पगार घेणाऱ्या आम्हीं लोकांनीं तरी करूं नये. तेव्हां आमचा आक्षेप पैशास नाहीं. तपासणीस ३,००० डॉलरांहून अधिक पडत, हा अनेकींस दुःसह भार होता. पण महाग वस्तु म्हणजे अन्यायाची वस्तु असें होत नाहीं.

आक्षेप निराळ्या जागीं आहे. यंत्राचें पेटंट दुसऱ्यास सांगतें, ‘असलें यंत्र तूं करूं नको; दुसरें कर.’ तुलनेचें पेटंट सांगतें, ‘तूं पाहूं नको.’ आणि पाहाण्यास दुसरी रीत नाहीं. रोग्याच्या गांठींत काय झालें आहे हें कळण्यास तो मजकूरच वाचला पाहिजे; त्याला वळसा घालून जाणारी पाऊलवाट नाहीं. वैद्यकांत एकाच्या नजरेवर दुसऱ्याची नजर असणें हीच रोग्याची खरी सुरक्षितता असते, आणि नेमकी तीच येथें बंद झाली. कंपनीच्या पत्रांनंतर पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनें ही तपासणी करणें सोडून दिलें. ज्या स्त्रीस पहिल्या निकालाची खातरजमा करून घ्यावयाची असेल तिनें पुन्हां त्याच दारीं जावें, अशी अवस्था झाली.

याचा परिणाम काय झाला, हें थोडें विस्तारानें सांगण्यासारखें आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईची व एक बापाची. कंपनीची रीत अक्षरामागून अक्षर वाचण्याची होती. एका प्रतींतलें एकादें अक्षर चुकलेलें असलें तर तें तिला दिसे; परंतु एका प्रतींतून पानेंच्या पानें गळालेलीं असलीं तर काय व्हावें? त्या जागीं वाचणारास दुसरी, शाबूत प्रत मिळे, आणि ‘मजकूर ठीक आहे’ असा निकाल पडे. पॅरिसच्या क्यूरी इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनीं २००१ सालीं एका कुटुंबांत असाच एक मोठा तुकडा गळालेला दाखविला, जो या रीतीनें सांपडला नसता. पुढें २००६ सालीं खुद्द किंग व त्यांचे सहकारी यांनीं ३०० कुटुंबें तपासलीं. या सर्व घरांत रोगाचा सुळसुळाट होता, आणि कंपनीच्या तपासणींत सर्वांस ‘दोष नाहीं’ असें उत्तर मिळालेलें होतें. त्यांपैकीं शेंकडा १२ कुटुंबांत या दोन जनुकांत मोठी गळती किंवा पुनरुक्ति निघाली. चूक कोणाच्याहि हातून होते. मक्तेदारीनें ती केली असें आम्ही म्हणत नाहीं. पण चूक पकडणारे हात तिनें बांधून ठेविले होते. ‘दोष नाहीं’ हें उत्तर घेऊन निर्धास्त घरीं गेलेल्या त्या बायकांचा विचार मनांत आला म्हणजे आमच्या आईच्या शेवटच्या वर्षाची आठवण होते, आणि लेखणी थांबते.

युरोपांत परीक्षा अधिक कसोशीची झाली असें म्हणतां येईल, जरी तिचा शेवट थोडा विचित्र झाला. क्यूरी इन्स्टिट्यूट व इतरांनीं हरकती घेतल्यावर म्यूनिकच्या पेटंट-कचेरीनें २००४ सालीं मुख्य पेटंट रद्द केलें. कारण तत्त्वज्ञानाचें नव्हतें, शुद्धलेखनाचें होतें. पहिल्या अर्जांतल्या अनुक्रमांत चुका राहिल्या होत्या, आणि दुरुस्त अनुक्रम दाखल होईपर्यंत तो सर्वांपुढें उघड झालेला होता. मग नवें तें काय राहिलें? पुढें अपिलांत २००८ सालीं हें पेटंट बरेंच आकुंचित करून पुन्हां उभें करण्यांत आलें. दुसऱ्या जनुकावरील एक पेटंट २००५ सालीं याहूनहि चमत्कारिक रूपांत कायम झालें : अश्केनाझी ज्यू स्त्रियांतील प्रवृत्तीच्या निदानापुरतें. याचा व्यवहारांत अर्थ इतकाच कीं, दाराशीं आलेल्या स्त्रीस वैद्यानें आधीं तिचा वंश विचारावा, आणि त्या उत्तरावर तपासणीचा हक्क ठरावा. कायद्याचा शब्द सुईच्या नाकांतून ओवतां ओवतां माणसें कोठल्या कोठें जाऊन पोंचतात !

अमेरिकेंतला खटला २००९ सालीं उभा राहिला. वैद्यांच्या संस्था, संशोधक आणि रोगी स्त्रिया असे वीसएक वादी होते. न्यूयॉर्कच्या न्यायाधीश स्वीट यांनीं २०१० सालीं सर्व पंधरा वादग्रस्त दावे रद्द केले. वरच्या न्यायालयानें रेणूवरील दावे पुन्हां उचलून धरले, पण केवळ तुलनेचे दावे रद्दच ठेविले. पाहाणें व ताडून पाहाणें हा मनाचा व्यापार आहे, त्यावर मक्ता देतां येत नाहीं, असा त्याचा आशय. शेवटीं १३ जून २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें ठरविलें कीं, निसर्गांत असलेला डीएनएचा तुकडा केवळ बाहेर काढल्यानें कोणाचा होत नाहीं. प्रयोगशाळेंत घडविलेली त्याची आटोपशीर प्रत मात्र ‘केलेली’ वस्तु होय. न्यायमूर्ति स्कॅलिया यांनीं निकालास संमति देतांना, रेणुविज्ञानाच्या बारकाव्यांची आपण स्वतःच्या माहितीनें ग्वाही देऊं शकत नाहीं, असें नमूद केलें. या प्रामाणिकपणाबद्दल आम्हांस त्यांचें कौतुक वाटलें; आमचीहि स्थिति बरीचशी तशीच आहे. त्याच दिवशीं दुसऱ्या कंपन्यांनीं आपली तपासणी जाहीर केली, आणि एकीची किंमत हजार डॉलरांच्या आंत होती.

येथें टाळ्या वाजवून थांबावें असें वाटतें, पण तसें करतां येत नाहीं. ऑक्सफर्ड येथें डेनिस लो व जेम्स वेनस्कोट यांनीं १९९७ सालीं गर्भवतीच्या रक्तद्रवांत पोटांतील मुलाचा डीएनए तरंगत असतो हें दाखविलें. रक्तद्रवाचा तो भाग त्यापूर्वीं टाकाऊ म्हणून फेंकून देत. या शोधामुळें गर्भवतीच्या पोटांत सुई न घालतां तपासणी होऊं लागली. गांठीचाहि डीएनए रक्तांत तरंगतो आणि तो वाचून कर्करोग ओळखतां येतो, ही अलीकडील विद्या याच जातीची. हें पेटंट २०१५ सालीं अमेरिकन न्यायालयानें त्याच तत्त्वानें रद्द केलें. एका न्यायाधीशानें तर, आपण वरिष्ठ निकालानें बांधलेले आहोंत म्हणूनच संमति देतों, असें लिहिलें. त्यानंतर अर्ज लिहिणारे शहाणे झाले. २०२० सालीं त्याच शोधांतून निघालेला एक दावा तगला. त्यांत ‘ओळखावें’ असें म्हटलेलें नव्हतें. डीएनएचे लहान तुकडे मोठ्यांपासून निराळे करावे, असें म्हटलें होतें. धान्यास पेटंट नाहीं, चाळणीस आहे. परीक्षकापुढें आतां जे अर्ज येतात त्यांत वाचण्याच्या आधींची तयारी आणि वाचल्यानंतरचा उपचार यांचें वर्णन सविस्तर असतें, आणि मधलें वाचणें लाजऱ्या नवरीसारखें मागें उभें असतें. हा सर्व शब्दांचाच खेळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. चाळणी बदलतां येते. दुसऱ्यानें दुसरी चाळणी काढावी. वाचणें बदलतां येत नाहीं. भेद बारीक असला तरी खरा आहे.

आपल्या देशांत हा प्रश्न १९७० च्या पेटंट-कायद्याच्या तिसऱ्या कलमानें बराचसा आधींच सोडविला आहे. निसर्गांत असलेल्या पदार्थाचा नुसता शोध आणि मनुष्याच्या रोगाचें निदान करण्याची रीत, या दोहोंवरहि पेटंट मिळत नाहीं. निदान कशास म्हणावें याविषयीं मात्र वाद आहे. २०२३ सालीं मद्रास उच्च न्यायालयानें असा अर्थ केला कीं, रोग्याच्या अंगाबाहेर, परीक्षानळींत झालेली तपासणीहि निदानांत येते. मात्र जी रीत स्वतः रोग उघड करीत नाहीं ती या निषेधाबाहेर राहाते. बाकीचा तपशील कायदेपंडितांनीं पाहावा.

आमच्या पुतणीच्या कागदाकडे आतां परत येतों. कारण एवढा खटला जिंकून तिच्या हातीं काय पडलें, हें पाहावयाचें आहे. अक्षर मोकळें झालें, हें खरें. आज तिचें जनुक कोणतीहि प्रयोगशाळा वाचूं शकते. पण एकाद्या अक्षराचा बदल घातक कीं निरुपद्रवी, हें अक्षराकडे कितीहि वेळ पाहून कळत नाहीं. तो बदल असलेलीं शेंकडों माणसें, त्यांच्यांतील कोणास रोग झाला, कोणास झाला नाहीं, हें जुळवूनच तें ठरतें. मक्त्याच्या त्या वर्षांत अमेरिकेंतील असे बहुतेक निकाल एकाच कंपनीकडे जमा झाले. २००४ च्या सुमारास तिनें ते सार्वजनिक संग्रहास देणें बंद केलें, आणि पेटंटें गेल्यावरहि कित्येक वर्षें तो संग्रह व्यापारी गुपित म्हणून राहिला. पेटंटास निदान मुदत असते, आणि मजकूर उघडा असतो. गुपितास दोन्ही नाहीं. मोबदल्याची आशा काढून घेतली म्हणजे ज्ञान आपोआप चव्हाट्यावर येईल अशी ज्यांची कल्पना होती त्यांनीं, आणि त्यांत आम्हीहि होतों, आजोळच्या मुळीवाल्या बाई आठवावयास हव्या होत्या.

पण त्या बाईंची मुळी त्यांच्या स्वतःच्या पूर्वजांची होती. हें गुपित कोणाचें? त्यांतील प्रत्येक ओळ कोणा ना कोणा स्त्रीच्या रक्तांतून आलेली, तिनें किंवा तिच्या विमा-कंपनीनें पैसे भरून दिलेली. तिनें आपल्यापुरतें उत्तर विकत घेतलें; आपली ओळ इतरांच्या ओळींशेजारीं ठेवून निघणारा अर्थ कोणाचा व्हावा, हें तिला कोणीं विचारलें नाहीं. कंपनीनें त्या ओळी जुळविण्यांत श्रम केले, त्यांचें मोल तिला मिळावें. परंतु श्रमाचें मोल आणि अर्थावरची मालकी या दोन गोष्टी आहेत. मजुरानें विहीर खणली म्हणून पाणी त्याचें होत नाहीं. विशेषतः खणण्याची जागा गांवानें दिलेली असतां. यावर तोड निघाली ती न्यायालयांतून नव्हे. कांहीं डॉक्टरांनीं आपल्या रोग्यांस मिळालेले छापील निकालच, नांवें गाळून, एकेक करून सार्वजनिक संग्रहांत पाठविण्याची चळवळ सुरू केली. २०१६ सालीं चार रोग्यांनीं आपल्या जनुकांची संपूर्ण माहिती आपणांस मिळावी म्हणून सरकारकडे तक्रार केली, आणि कंपनीनें ती त्यांस दिली. गुप्त कोठार फोडतां आलें नाहीं. दाणा दाणा करून शेजारीं दुसरें भरूं लागलें.

या दुसऱ्या कोठारांत आमच्या लोकांचे दाणे फार थोडे आहेत. अशा संग्रहांतील माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची असते. त्यामुळें जो बदल आमच्याकडे कित्येक निरोगी माणसांत असेल तोहि त्या यादींत अपूर्व दिसतो, आणि अहवालावर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा पडतो. प्रयोगशाळेनें म्हणूनच पुतणीकडे दोन गोष्टी मागितल्या. तिचा निकाल नांव गाळून सार्वजनिक संग्रहास देण्याची संमति. आणि ज्यांस रोग झाला होता त्या दोघी व आमचे बंधु हयात नसल्यामुळें, निदान आमचें रक्त.

संमतिपत्र आमच्या मेजावर तीन आठवडे पडून होतें. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, अजून तिचें लग्न व्हावयाचें आहे. नांव गाळलें म्हणतात, पण रक्त तर तेंच ना? उद्यां कोणीं विचारलें, कोणाच्या घरचें, तर?” आम्हीं त्यांस सांगितलें कीं, एवढ्या एका अक्षरावरून घर ओळखतां येत नाहीं. तें खरें आहे. पण २०१३ सालीं संशोधकांनींच निनांवी डीएनएवरून माणसांचीं आडनांवें हुडकून दाखविलीं होतीं, हेंहि खरें आहे. तें आम्ही बोललों नाहीं. शिवाय ज्या तीन आठवड्यांत आम्ही वरील पानें लिहीत होतों आणि परक्या कंपनीस गुपिताबद्दल दोष देत होतों, त्याच तीन आठवड्यांत आम्हीं स्वतः रक्त दिलें नव्हतें. आम्हांसहि दोन मुली आहेत. त्यांस अद्याप कांहीं सांगितलेलें नाहीं. सांगितलें तर, असें वाक्य मनांत सुरू होई, आणि पुरें होत नसे.

गेल्या रविवारीं पुतणी आली, आणि उभ्या उभ्याच तिनें सही केली. निकालाचा अर्थ पुढें बदलल्यास कोणास कळवावें, असा त्यांत एक रकाना आहे. तेथें तिनें आपल्या आईचें नांव घातलें. ती गेल्यावर आम्हीं प्रयोगशाळेस फोन केला व रक्त देण्यास उपाशीपोटीं यावें लागतें काय, असें विचारलें. लागत नाहीं, असें उत्तर आलें. सकाळीं नवापासून केव्हांहि यावें.